सोलराइज्ड डार्क, आठ महिन्यांनंतर: थीम ठेवली, कर्सर बदलला

किटी या टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीवर) सोलराइज्ड डार्क ही गडद रंगांची थीम वापरायला लागून आठ महिने झाले. दिवसाचे सात-आठ तास समोर टर्मिनलच असतं, त्यामुळे थीमची पुरेपूर पारख झाली आहे. थीम मनापासून आवडते, पण कर्सरच्या बाबतीत तिने मला छळलं.

ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये आणलेल्या या थीममध्ये कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी ठेवलेला आहे. रात्री डोळे निवतात. दिवसा मात्र माझ्या खिडकीतून ऊन आलं की सगळं एकसारखं करडं दिसतं. नेहमीच्या मजकुराचं बॅकग्राउंडशी कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर ४.७५ आहे, म्हणजे डब्ल्यूसीएजीची (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या नियमावलीची) ४.५ ची अट जेमतेम पार. कोडमधल्या कमेंट्सच्या फिक्या करड्याचं तर फक्त २.८.

माझ्याकडे कर्सर मजकुराच्याच रंगाचा होता. आकडा ठीकच होता, तरी शेकडो करड्या अक्षरांत आणखी एक करडा ठोकळा नजरेला सापडायचा कसा? उभ्या रेघेचा कर्सर पाइपच्या चिन्हाशेजारी (|) गेला की संपलंच. एकदा टीमक्समध्ये (टर्मिनलची खिडकी विभागणाऱ्या प्रोग्राममध्ये) तीन पेन, म्हणजे तीन कप्पे, उघडे असताना चुकीच्या पेनमध्ये एंटर दाबलं आणि चालू सर्व्हरवरची सर्व्हिस रीस्टार्ट झाली. त्या दिवशी हे नीट सोडवायचं ठरवलं.

आधी ब्लिंकवर भरवसा ठेवला. पण किटीत १५ सेकंद काही टाइप केलं नाही की ब्लिंक थांबतं, आणि फोन संपवून परत आल्यावरच तर कर्सर शोधायचा असतो! मग थीममधलाच नारिंगी लावला. त्याचं गुणोत्तर ३.२६, डब्ल्यूसीएजीच्या खुणांसाठीच्या ३ च्या अटीत बसणारं. पण तोच रंग माझ्या व्हिम एडिटरमध्ये इतरत्रही येतो, त्यामुळे नजर फसायची. शेवटी थीमबाहेरचा, जुन्या अंबर मॉनिटरसारखा पिवळा घेतला: ८.२. कर्सरखालच्या अक्षराला बॅकग्राउंडचा गडद रंग दिला, म्हणजे ठोकळ्यातलं अक्षरही तितकंच स्वच्छ वाचता येतं. ही दुसरी सेटिंग विसरू नका.

आकाराने वेगळाच घोळ घातला. कॉन्फिगमध्ये ठोकळा लिहूनही प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीवर, रेघच दिसायची. किटीचं शेल इंटिग्रेशन (कमांड चालवणाऱ्या शेलशी किटीला जोडणारी सोय) तिथे आकार बदलतं. त्यात ‘नो-कर्सर’ दिल्यावर ठोकळा टिकला. एसएसएचने दूरच्या कुठल्याही सर्व्हरवर गेलो तरी रंग सोबत येतो, कारण तो माझ्या मशीनवरच्या टर्मिनलचा आहे. सर्व्हरवर काही करावं लागत नाही.

एक तक्रार थीमबद्दलच आहे. १६ रंगांच्या यादीतला ८ क्रमांकाचा रंग आणि डार्कचं बॅकग्राउंड हुबेहूब एकच आहेत. झेडशेल या शेलमध्ये टाइप करताना पुढची कमांड सुचवणारं ऑटोसजेशन्स प्लगइन मुळात तोच रंग वापरतं, त्यामुळे पहिले दोन आठवडे मला वाटत होतं की प्लगइन चालतच नाहीये. सूचनांना १० क्रमांक दिल्यावर त्या दिसू लागल्या. फिक्या आहेत, पण सूचनांना तेवढं पुरतं.

उन्हाच्या वेळी मी आता सोलराइज्ड लाइटवर जातो. तिथे हा पिवळा अजिबात चालत नाही, गुणोत्तर जेमतेम १.७ उरतं. म्हणून लाइटच्या फाइलमध्ये कर्सर थीमच्याच मॅजेंटाचा ठेवला आहे, ४.२ चा.