छोट्या धंद्यासाठी मदत घ्यायचीये? क्लास, मेंटर की पगारी माणूस

वस्तीत छोटा धंदा चालवणाऱ्याकडे मदत घेऊन येणारे बरेच असतात, कुणी मोफत ट्रेनिंग देतं, कुणी मेंटर जोडून देतं, कुणी कर्जासोबत क्लास गळ्यात मारतं. पण दुकान बंद ठेवून जायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे मोफत आहे म्हणून लगेच नाव नोंदवू नका.

नेहमीचा क्लास घ्या आधी. हिशोब, स्टॉक, मार्केटिंग सगळं शिकवतात पण वापरात फार थोडं येतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधे एका गटाला रीतसर अकाउंटिंग शिकवलं आणि दुसऱ्याला फक्त साधे नियम, घरचा पैसा वेगळा धंद्याचा वेगळा असे, तर साध्या नियमवाल्यांचा हिशोब सुधारला, अकाउंटिंगवाल्यांना फारसा फरक पडला नाही. मला हे अगदी पटतं. शिवणकाम करणारी बाई दिवसभर मशीनवर असते, ती रात्री खतावणी कधी लिहिणार? पण दोन डबे ठेवणं तिला जमतं, गिऱ्हाइकाचे पैसे एकात, घरखर्चाचे दुसऱ्यात, आणि धंद्याच्या डब्यातून घरासाठी उचललेच तर किती उचलले त्याची चिठ्ठी टाकायची.

दुसरा प्रकार पुढाकार घ्यायला शिकवणारा. टोगोतल्या लोमे शहरात १५०० छोट्या धंदेवाल्यांवर हा करून बघितला, निकाल २०१७ मधे आला. बाकीचे करत नाहीत ते शोधा, अडचण यायच्या आधी तयारी ठेवा, असा भर. नफा साधारण ३० टक्के वाढला. नेहमीच्या क्लासवाल्यांचा ११ टक्के दिसला पण तोही खात्रीने सांगता येईल असा नव्हता. तुम्हाला हिशोब येतो पण धंदा वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच आहे, तर हा घ्या.

माझं मत मात्र मेंटरकडे झुकतं, आणि मेंटर म्हणजे त्याच भागात धंदा करून वर आलेली व्यक्ती, बाहेरून आलेला सूटबूटवाला नव्हे. नैरोबीच्या दांदोरा वस्तीत बायकांना अशा मेंटर दिल्या तेव्हा नफा सरासरी २० टक्के वाढला, क्लासवाल्यांचा वाढलाच नाही. कारण काय, तर स्वस्त माल कुणाकडे मिळतो असल्या गोष्टी तिथे रोज धंदा करणारीलाच माहीत असतात, पुस्तकात त्या कुठून येणार! पण भेटीगाठी थांबल्या तसा फायदाही ओसरला, हे लक्षात ठेवा.

हाताखाली दोन-चार माणसं असतील तर अजून एक पर्याय आहे, हिशोब किंवा मार्केटिंग स्वतः शिकत बसण्यापेक्षा ते काम येणाऱ्यालाच द्यायचं. नायजेरियात हे ट्रेनिंगपेक्षा सरस ठरलं. एकट्याच्या गाड्याला ते परवडणार नाही.

कर्जाबद्दल थोडंच सांगते, सहा देशांतल्या सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासांचे निकाल २०१५ मधे एकत्र आले, कुठेही आयुष्य पालटलेलं दिसलं नाही. त्यामुळे क्लास केला तरच कर्ज अशी अट असेल तर आधी कर्ज खरंच लागतंय का ते बघा.

नाव नोंदवताना तिथेच विचारा, शिकवणाऱ्याने स्वतः कधी धंदा केलाय का, वेळ संध्याकाळची आहे का, लहान मूल सोबत आणलं तर चालेल का, आणि कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी अडलं तर फोन कुणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाला कुणाचं तरी नाव आणि नंबर मिळाला पाहिजे, "ऑफिसला या" एवढंच म्हणाले तर मी तरी दुसरीकडे चौकशी करेन.