स्टोरेज फुलचा मेल आला आणि मी पासवर्ड देऊन बसले

लिहायला लाज वाटतेय, पण परवा आमच्याच स्टाफरूममधल्या अजून दोघांना तोच मेल आला, म्हणून लिहितेय.

मी एका विद्यापीठात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. मार्च महिना, इंटर्नलचे मार्क भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल सारखं हँग होतंय आणि त्यात मेल, की तुमचं स्टोरेज ९८ टक्के भरलंय, आज रात्री १२ पर्यंत व्हेरिफाय नाही केलं तर अकाउंट बंद. आता हसाल, पण गूगलने २०२२ मध्ये शिक्षणसंस्थांचं अमर्याद स्टोरेज काढून घेतलं, अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, तेव्हापासून 'ड्राइव्ह रिकामी करा' असे खरे मेल पण आम्हाला येतातच की. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्याच विद्यापीठाचा, शेवटी एसी डॉट इन, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका सरांचा. सरांचं अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलंय हे मला काय स्वप्न पडणार होतं! पत्ता नीट बघा असं सगळे सांगतात, मी बघितला होता हो.

लिंकवर गूगल फॉर्म, वर विद्यापीठाचा लोगो, खाली नाव, डिपार्टमेंट, मेल आयडी, पासवर्ड. भरलं, सबमिट केलं आणि परत मार्कांना लागले. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर दुसरी खात्री, चालू नव्हतंच, सुट्टीत करू म्हणून राहिलेलं. नंतर आयटीवाल्या दादांनी तोच फॉर्म उघडून सबमिटच्या बटणाखाली बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात गूगलनेच लिहिलेलं असतं, गूगल फॉर्ममधून कधीही पासवर्ड देऊ नका. मी स्वतः आठवड्याला दोन-तीन फॉर्म बनवते, ती ओळ आयुष्यात वाचली नव्हती.

तीन दिवस काहीच नाही. मग जिन्यात एक मुलगी भेटली, "मॅम, प्रोजेक्टच्या फीचा स्क्रीनशॉट पाठवलाय, मिळाला ना?" कसली फी? तर माझ्या आयडीवरून अख्ख्या वर्गाला मेल गेलेला, प्रोजेक्ट रजिस्ट्रेशनचे १,८०० रुपये या यूपीआयवर भरा. पोरांनी उलट मेल करून विचारलंही होतं, पण मला एकही दिसला नाही, कारण चोराने माझ्या जीमेलमध्ये फिल्टर लावून ठेवलेला, मेलमध्ये फी किंवा पेमेंट शब्द आला की थेट ट्रॅशमध्ये. सेंटमधलं पण सगळं साफ.

हे मात्र नीट वाचा. मी घाईघाईत पासवर्ड बदलला आणि सुटले म्हटलं, पण पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच राहतो. सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही बघा, अनोळखी काही असेल तर उडवा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की अगदी तळाला उजवीकडे डिटेल्स असतं, तिथे कुठून कुठून लॉगिन झालंय ते दिसतं. माझ्यात एक लॉगिन होतं रात्री पावणेतीनचं. मी तेव्हा झोपलेले.

दोन मुलींनी पैसे भरले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार पण टाकली, पण तोवर तीन दिवस उलटलेले, पैसे पुढच्या खात्यांत फिरून गेलेले. पैसे गेल्या गेल्या फोन झाला तर रक्कम मध्येच अडकवता येते म्हणतात, आम्हाला कळलंच उशिरा. ३,६०० मी माझ्या खिशातून दिले, आणि सीएचबीचं मानधन कधी येतं ते ज्याला माहितेय त्याला माहितेय.

आता स्टोरेजचा मेल आला की लिंकला हात लावत नाही, स्वतः ड्राइव्ह उघडून आकडा बघते, नाहीतर सरळ आयटीत खाली जाऊन विचारते. काल खरी असाइनमेंट मेल केली तर चौघंजण मोबाइल घेऊन स्टाफरूमच्या दारात, "मॅम, हा तुमचाच आहे ना?"