मेरी रोझ म्युझियम, पोर्ट्समथ: आधी डॉक्टरची पेटी बघा

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदराला येणारी आपली मंडळी बहुतेक व्हिक्टरी जहाज बघतात, स्पिनेकर टॉवरवर फोटो काढतात आणि संध्याकाळची गाडी धरतात. माझं ऐका, मेरी रोझ या जुन्या बुडालेल्या युद्धनौकेचं म्युझियम चुकवू नका. आणि आत गेल्यावर तोफांपाशी रेंगाळण्याआधी जहाजावरच्या डॉक्टरची पेटी गाठा.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. अवजारं मांडणं, मोजणं, सर्जनच्या हातात देणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्या काचेसमोरून माझा पाय निघेना.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना सोलंटच्या सामुद्रधुनीत बुडाली. सुमारे पाचशे माणसं होती, चाळीसही वाचली नाहीत. १९८२ मध्ये अर्धं उरलेलं जहाज वर काढलं. गाळात हवा पोचली नाही म्हणून लाकूड, चामडं, कापड टिकलं. त्यातच मिळाली ही पेटी, आत साठाहून जास्त वस्तू. रक्त काढून घ्यायचं भांडं, मूत्रमार्गात औषध सोडायची धातूची सिरिंज, कवटीला भोक पाडायच्या अवजाराची मूठ, वस्तऱ्यांच्या मुठी. पाती गंजून गेली, लाकूड राहिलं. वस्तरे कशाला, असं वाटेल. पण तेव्हा दाढी करणारा आणि हात कापणारा माणूस एकच. आपल्याकडेही गावचा न्हावी गळू फोडायचा, ते आठवलं.

सगळ्यात जास्त वेळ मी मलमाच्या लाकडी डब्यांपाशी उभी होते. आतल्या मलमात बोटांच्या खुणा मिळाल्या आहेत. कुणाच्या तरी जखमेसाठी बोटानं काढलेलं मलम! तो सर्जन कोण, त्याचं नाव इतिहासाला माहीत नाही. त्याची मखमली टोपी मात्र आहे, त्या काळातला चित्रकार हॉलबाइन याच्या चित्रात हेन्रीसमोर गुडघे टेकलेल्या सर्जनांच्या डोक्यावर दिसते तशीच.

दुसरी गोष्ट, हाडं. किमान १७९ जणांचे अवशेष मिळालेत. बऱ्याच जणांची हाडं लहानपणीचा मुडदूस सांगतात, काहींवर स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाच्या) खुणा आहेत, काहींचे फ्रॅक्चर नीट जुळून आलेत. काही जणांच्या खांद्याच्या फऱ्याचं टोक मोठेपणीही जुळलेलं नाही. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा तो परिणाम असावा, असं संशोधक मानतात. औषधं आणि ती ज्यांना लागत होती ती माणसं, दोन्ही एकाच जहाजातून मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. म्हणूनच दर्यावर्दी आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे ठिकाण इतकं मोलाचं. उवांच्या बारीक फण्यांचा ढीगसुद्धा बघा, त्यांतल्या काहींत उवा मिळाल्या आहेत.

आत उजेड मंद ठेवतात, वस्तू जपायला ते हवंच. पण आई-बाबांना चष्मा बरोबर घ्यायला सांगा. पोर्ट्समथ हार्बर स्टेशनवरून चालत अगदी जवळ आहे. घरात नर्सिंग, मेडिकल किंवा फार्मसी शिकणारं कुणी असेल तर त्याला नक्की न्या, आणि अर्धा दिवस मोकळा ठेवून जा. तासाभरात उरकण्यासारखं हे नाही.