बुकिंग नंबर आला म्हणजे केबिन मिळाली असं नाही

मुंबई नाक्याजवळच्या एखाद्या हॉटेलचा हॉल, जोडप्यांना फुकट जेवण, पडद्यावर सँटोरिनीची पांढरी घरं आणि ‘आजच पैसे भरले तर’ मिळणारी सूट. ग्रीक बेटांची क्रूझ नाशिकमध्ये अशीही विकली जाते. पुढे व्हॉट्सॲपवर एक कागद येतो. त्यावर जहाजाचं नाव, तारीख, तुमची नावं आणि बुकिंग नंबर असतो. नंबर खराही असतो, आणि गडबड नेमकी तिथेच असते.

क्रूझ कंपन्या एजंटला पैसे न घेता केबिन काही तास किंवा काही दिवस राखून ठेवू देतात. धंद्यात याला ‘होल्ड’ किंवा ‘ऑप्शन’ म्हणतात. होल्ड केला की लगेच नंबर पडतो. मुदतीत अनामत भरली नाही तर केबिन आपोआप सुटते. कागद मात्र तुमच्या फोनमध्ये तसाच राहतो. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो फार उशिरा कळतो. एजंट तुमच्याकडून पूर्ण पैसे घेतो, कंपनीकडे फक्त अनामत भरतो आणि उरलेले पैसे आधीच्या गिऱ्हाइकांची भोकं बुजवायला वापरतो. बाकी रक्कम भरायची तारीख साधारण जहाज सुटण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी येते. ती चुकली की बुकिंग रद्द, अनामतही बुडाली. विमानाची तिकिटं खरी असल्यामुळे माणसं अथेन्सपर्यंत पोहोचतात आणि पिरेयस बंदराच्या काउंटरवर यादीत नाव नसतं.

म्हणून कंपनीचं मूळ कन्फर्मेशन इनव्हॉइस मागा. त्यावर एकूण भाडं, जमा रक्कम, बाकी रक्कम आणि बाकी भरायची तारीख असते. ‘त्यात आमचं कमिशन दिसतं’ असं सांगून खालचा भाग कापून पाठवला जातो. हे कारण खोटं आहे; कमिशन न दाखवणारी गिऱ्हाइकाची प्रत वेगळी निघते. मग क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या साइटवर नंबर, पासपोर्टवरचं आडनाव आणि निघण्याची तारीख टाकून बघा. एजंटमार्फतच्या बुकिंगमध्ये रक्कम दिसेलच असं नाही, पण बुकिंग जिवंत आहे का ते कळतं. ही तपासणी पैसे भरल्यावर एकदा आणि बाकीची तारीख उलटल्यावर पुन्हा करा. बहुतेक कंपन्यांत पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय सामानाचे टॅग निघत नाहीत.

केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ (गॅरंटी) लिहिलेलं असेल तर घाबरू नका. केबिन कंपनी नंतर ठरवते, म्हणून ती स्वस्त. ती ‘मधल्या भागातली बाल्कनी’ म्हणून विकली असेल तर मात्र जाब विचारा.

बंदरांच्या नावांतही बरंच लपतं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरची जहाजं व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जाऊ शकत नाहीत. ‘व्हेनिस’ म्हणून विकलेल्या काही सफरी रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात, तिथून व्हेनिस दीडशेच्या आसपास किलोमीटर. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सुमारे ७० किलोमीटर. सँटोरिनीत लहान बोटीने जुन्या धक्क्यावर उतरायचं आणि वर ‘फिरा’ या मुख्य गावात जायला ५८८ पायऱ्या किंवा केबल कार, तिचे पैसे वेगळे. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये हे नसतं. मोठ्या जहाजांवर माणशी रोज १५-२० डॉलरची टिपही बहुधा नसते. सँटोरिनी आणि मिकोनोसला ग्रीसने जुलै २०२५ पासून उन्हाळ्यात माणशी २० युरो शुल्क लावलं. कुणी ते भाड्यात धरतं, कुणी जहाजावरच्या खात्यावर चढवतं. लेखी विचारा.

‘व्हिसा आमच्याकडे, तुम्हाला कुठे जावं लागणार नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी (ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) बोटांचे ठसे दिले नसतील, तर ते द्यायला स्वतः जावंच लागतं. जहाज मध्येच एफेससचे अवशेष बघायला तुर्कस्तानच्या कुशादासीला लागत असेल, तर एकेरी प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे, पुन्हा ग्रीसमध्ये शिरणं म्हणजे दुसरा प्रवेश.

पैसे देण्याआधी पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. १५ अक्षरी क्रमांकात सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅन. एकूण सहावं अक्षर ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. फलकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात ‘पी’ असेल तर उठून या. परदेशी पॅकेजवर टीसीएस (एजंटने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) घेतला असेल तर तो आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-नोंदीत (२६एएस) दिसलाच पाहिजे. तिमाहीचं विवरण भरल्यावर दिसतो, म्हणून थोडा उशीर चालेल. पण वर्ष उलटलं तरी नाही, म्हणजे तो खिशात गेला.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येते. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे लेखी वाद नोंदवा. पोलिसांकडे फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, एजंटचं ऑफिस मुंबईत असलं तरी. मुदत २ वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्हॉट्सॲपचे संदेश पुराव्यात द्यायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.