मोडी वाचणाऱ्यांसाठी शिकागोचं कोशदालन

मोडी कागद वाचायला शिकणारं कुणी भेटलं की मी आधी एक पत्ता देते: शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही, आणि तुम्ही कुठल्या देशातून बघताय हे कुणी विचारत नाही. जे मराठी कोश एकत्र बघायचे तर पूर्वी पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसावं लागायचं, ते इथे घरबसल्या उघडतात. माझ्या कामात या संकेतस्थळाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

मी मिरजेत असते. लोक घरातले कागद घेऊन येतात. वतनाचे, वाटणीचे, देवस्थान इनामाचे, आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या नोंदवह्यांच्या नकलाही. लिपी लागली म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं, पण खरी अडचण पुढेच असते. निवाडपत्रात, म्हणजे वादाच्या निकालाच्या कागदात, ‘गुन्हेगारी’ दिसलं की घरातले धास्तावतात, पणज्यानं काही भलतंसलतं केलं होतं की काय. तर तसं काही नसतं. वाद जिंकणाऱ्यानं सरकारात भरायची ती हरकी, आणि हरणाऱ्याकडून घ्यायची ती गुन्हेगारी. जमीन कुणाच्या बाजूनं लागली हे कधीकधी त्या एका शब्दावरूनच कळतं. अशा वेळी अंदाजानं सांगून चालत नाही, कोश उघडावा लागतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इथे आहे, १८५७ सालची दुसरी आवृत्ती. पहिली १८३१ ची. लष्करातला हा माणूस आणि त्याच्यासोबतचे शास्त्री पेशवाई बुडून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती तेव्हा शब्द गोळा करत होते. म्हणजे कमाविसदार, शेकदार, महजर हे जुन्या कारभारातले शब्द वापरणारी माणसं तेव्हा हयात होती. म्हणूनच महसुली आणि गावगाड्याच्या शब्दांसाठी मी आजही सगळ्यात आधी मोल्सवर्थकडे जाते. शिवाय इथे केवळ शब्दच नाही, अर्थाचा मजकूरही शोधता येतो. एखादी इंग्रजी संज्ञा टाकली की तिच्याशी जोडलेले मराठी शब्द समोर येतात. मोडीत अर्धवट लागलेला शब्द, उदाहरणार्थ जमिनीचं एखादं माप किंवा चराईचा एखादा कर, उलट्या बाजूनं पकडायला हा मार्ग फार कामाचा. छापील प्रतीत ते शक्यच नव्हतं.

पण माझा जीव जडलाय तो दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशावर. १९३२ ते १९५० या काळात पुण्यात निघालेले हे खंड. त्यात शब्दाचा अर्थ तर आहेच, शिवाय तो कुठे आला त्याचा दाखलाही. शब्द अरबी की फारसी ते कंसात दिलेलं. ‘रा’ आणि पुढे आकडे दिसले की समजायचं, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा अमुक खंड, अमुक पान. तिथे जाऊन मूळ पत्र वाचता येतं आणि आपल्या हातातल्या कागदातला वापर तसाच आहे का हे ताडून बघता येतं. कोशाकडून कागदाकडे जायची ही वाट त्या संपादकांनी आखून ठेवली. संगणक नसताना, चिठ्ठ्या लावून. विद्यार्थ्यांना मी हे दाखले मुद्दाम उघडून बघायला लावते.

यादवकाळासाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, १९९९ सालचा. माझ्याकडचे कागद इतके जुने नसतात, पण लीळाचरित्र किंवा ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला याच्याशिवाय गत्यंतर नाही. फलटणला अनेक वर्षं राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांचा शिकाऊ वाचकांसाठीचा कोशही त्याच रांगेत आहे. परदेशात वाढलेल्या नातवंडांना मराठी शिकवणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

वापरताना एक सांभाळायचं. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे कोश आजच्या शुद्धलेखनाच्या आधीचे आहेत, त्यामुळे ‘नाव’ नाही, ‘नांव’ टाकायचं. ‘काही’ऐवजी ‘कांहीं’. शब्द सापडला नाही तर तो कोशात नाही असं ठरवण्याआधी अनुस्वार देऊन बघा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. चाहूर आणि चावर हे जमिनीच्या एकाच मापाचं नाव. कागदात एक रूप असेल आणि कोशात दुसरं. संकेतस्थळावरची सगळी मांडणी इंग्रजीत आहे, हे मात्र मला खटकतं. तालुक्याच्या गावातला मराठी माध्यमाचा मुलगा पहिल्याच पानावर बिचकतो. कोश मराठीचे आहेत, तर चार बटणं मराठीत असायला हवीत.

कोशांपलीकडेही बरंच आहे. इम्पीरियल गॅझेटिअर या ब्रिटिशकालीन माहितीग्रंथाचे खंड पानापानांनी लावलेत. १९०१ च्या खानेसुमारीचे आकडे हवे असले की सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थानं त्यात काढून बघते. श्वार्ट्झबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रहही आहे. नकाशे उत्तम, पण मोबाइलवर बघायच्या भानगडीत पडू नका.

आता तुलना हातीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसाठ्याशी, कारण लोक दोन्हीकडे जातात. २००८ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून उभारलेला हा साठा प्रचंड आहे, १ कोटी ८० लाखांहून जास्त खंड. त्यात मराठी पुस्तकं कशी पोचली ते माहीत असावं. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली अमेरिकेनं भारताला गहू दिला, त्याचे पैसे रुपयांत इथेच साठले, आणि १९६२ पासून त्यातला काही भाग आपली पुस्तकं विकत घेण्यावर खर्च झाला. दिल्लीच्या कचेरीतून एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती अमेरिकेतल्या विद्यापीठांना गेल्या. छोट्या प्रकाशकाचं, इथे रद्दीत गेलेलं पुस्तक तिकडे टिकलं ते त्यामुळे. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण टिकलेलं सगळंच आपल्याला वाचता येत नाही. १९१० च्या सुमारास पुण्यात छापलेलं पुस्तक अमेरिकेतल्या वाचकाला पूर्ण उघडतं, कारण तिथे प्रकाशनाला ९५ वर्षं झाली की ते खुलं. अमेरिकेबाहेरच्या वाचकासाठी मात्र परदेशी पुस्तकांची मर्यादा साधारण १४० वर्षांची धरली आहे. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. राजवाडे १९२६ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. तरी त्या काळातल्या पुस्तकात शब्द कुठल्या पानावर आहे एवढंच मिरजेत दिसतं आणि ते पान मिशिगनमध्ये वाचता येतं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या लेखकांच्या मृत्यूची वर्षं तपासून त्यांची पुस्तकं जगभर खुली करण्याचं काम या संस्थेनं केलेलं आहे. तेच मराठी लेखकांसाठी व्हावं, आणि त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडच्या विद्यापीठांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी पुरवावी. मराठी लेखकांचे जन्ममृत्यू आपले चरित्रकोश आणि वाङ्मयकोश नोंदवत आलेलेच आहेत.

तोवर हातीट्रस्टमधून पुस्तकाचं नाव, साल आणि पान काढून घ्या आणि छापील प्रत जवळच्या जुन्या नगरवाचनालयात मागा. हातीट्रस्टमध्ये शोधताना रोमन लिपीत टाकावं लागलं तर ‘श’साठी एस-एच न लिहिता नुसता एस लिहा, सूची तशीच केलेली असते.