फ्री तपासणी म्हणून आले आणि नसलेली वाळवी विकून गेले

डोंबिवली-कल्याण साइडच्या लोकांनी जरा वाचा, आणि दुपारी घरी आईवडील एकटेच असतात त्यांनी तर नक्कीच.

होळी झाली की गरमी वाढते आणि झुरळं, मुंग्या, पाली सगळे एकदम बाहेर पडतात, त्यात पाडव्याची साफसफाई काढलेली असते, माळा रिकामा, ट्रॉल्या बाहेर, आणि नेमकं तेव्हाच पेपरमधून पॅम्प्लेट येतं. हर्बल पेस्ट कंट्रोल, वास नाही, घराबाहेर जायची गरज नाही, तपासणी फ्री. आम्ही बोलावलं ते फक्त किचनमधल्या झुरळांसाठी, जेल मारून घ्यायचं एवढंच.

दोघं आले, बोलायला एकदम गोड. मी ऑफिसात, घरी सासूबाई. किचन बघितलं न बघितलं आणि एक जण सरळ बाथरूमच्या चौकटीकडे गेला, स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघितलं आणि म्हणाला आजी, वाळवी लागलीय, आतून सगळं पोकळ झालंय. चौकटीखाली बारीक पीठ पडलेलं होतं ते दाखवलं, आणि मग हातातली छोटी डबी उघडली, त्यात जिवंत वाळवी वळवळतेय, म्हणे आत्ताच इथून काढली. सासूबाई घाबरणारच ना, बेडरूममध्ये नवीन वॉर्डरोब केलेला. मला फोन लावला तर त्यानेच घेतला, मॅडम पावसाळ्यापर्यंत थांबलात तर फर्निचर विसरा वगैरे. साडेनऊ हजार, पाच वर्षांची वॉरंटी. पैसे यूपीआयने, ते पण कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर, आणि बिल म्हणून एक छापील कार्ड ज्यावर ना पत्ता ना लायसन्स नंबर.

नंतर सुतार आला बाथरूमचा दरवाजा बदलायला, तो हसायलाच लागला. वाळवी असं पीठ पाडत नाही हो ताई, ती मातीच्या नळ्या करत भिंतीवरून येते, हे पीठ लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं, ही बघा टाचणीच्या टोकाएवढी भोकं. खरंच होती. आणि मातीची नळी अख्ख्या घरात एक पण नाही. म्हणजे डबीतली वाळवी ते बरोबर घेऊनच फिरतात! वरच्या मजल्यावरच्या काकूंना पण त्याच आठवड्यात अशीच डबी दाखवली होती, हे आम्हाला जिन्यात बोलताना कळलं.

पुढचं ऐका. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ड्रिल करून व्हाइट सिमेंट भरून गेले होते, दिसायला काम झकास. सुताराने एका भोकातलं सिमेंट खरवडून खिळा घातला तर अर्धा इंच पण आत जाईना. फक्त टाइल फोडलेली, खाली सगळं कोरडं. खरी पद्धत अशी की साधारण 12 एमएमची भोकं फूट-फूट अंतरावर पाडायची, ती खालच्या मातीपर्यंत गेली पाहिजेत, आणि प्रत्येकात पंपाने औषधाचं पाणी सोडायचं, जमीन पिईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. आता आमच्याकडे सगळ्या खोल्या मिळून चाळीसच्या वर भोकं आणि ह्यांच्याकडे एकच पाच लिटरचा कॅन, तो पण जाताना निम्मा भरलेला, सासूबाईंनी बघितलाय. आम्ही तळमजल्यावर म्हणून निदान खाली माती तरी आहे, वरच्या काकूंच्या हॉलमध्ये भोकं कशासाठी पाडली देव जाणे.

आणि ज्या झुरळांसाठी बोलावलं ती पंधरा दिवसांत परत हजर. कारण जेलचे ठिपके लावले आणि लगेच त्याच कपाटांमध्ये स्प्रे मारला. जेल हे आमिष असतं, झुरळ ते खाऊन जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाऊन बाकीची पण मरतात, पण स्प्रेच्या वासाने ती तिकडे फिरकतच नाहीत. शिवाय किचनमधल्या बारक्या तपकिरी झुरळाच्या अंड्यांच्या एकेका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात, त्यावर स्प्रेचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दुसरी सर्व्हिस लागते. ती द्यायला कोणी आलंच नाही, फोन स्विच ऑफ.

मला सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, स्प्रेचं औषध ह्यांनी साध्या पाण्याच्या बाटलीतून आणलेलं, लेबल नाही काही नाही. कीटकनाशकाच्या मूळ पॅकवर रंगाचा त्रिकोण असावाच लागतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लहान पोर असलेल्या घरात काय मारलं हे आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. हर्बल म्हणे!

तर कोणी आलं की आधी लायसन्स मागा, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली पेस्ट कंट्रोलवाल्याला ते लागतं, आणि सीलबंद पॅक समोर फोडायला लावा. वाळवी आहे म्हणाले तर मातीची नळी दाखव म्हणा. ती थोडी मोडून दोन दिवसांनी बघा, परत लिंपलेली दिसली तर आत जिवंत वाळवी आहे, मग दोन-तीन ठिकाणी भाव काढा, एका दिवसाने घर पडत नाही.

आम्ही 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, काकूंनी पण. कार्ड, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि भोकांचे फोटो जोडलेत. तुमच्याकडे पण हेच डबीवाले येऊन गेले असतील तर तुम्ही पण टाका, आणि भोकं बुजवायच्या आधी त्यात खिळा घालून फोटो काढून ठेवा.