बिड वाढली, जागा तीच: गूगल ॲड्स, सहा महिन्यांनंतर

कॅम्पेन सर्चचं, कीवर्ड ‘आरओ रिपेअर पुणे’ छापाचे, बिडिंग मॅन्युअल सीपीसी, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे ती बोली (बिड) आपणच ठरवायची. खातं कसं उघडतात वगैरे सगळ्यांना येतं. लिहायचं कारण एजन्सीचा (नाव नको) दर महिन्याचा एकच मंत्र: ‘बिड वाढवा, वर याल.’ ४५ रुपयांची ६० झाली. जाहिरात जागची हलली नाही.

जाहिरातींचा क्रम लिलावाने ठरतो, पण नुसत्या पैशावर लागायचा तो १९९८ च्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनवर. गूगलने २००२ पासून त्यात क्लिक होण्याचं प्रमाण गुणलं. ढोबळ हिशेब असा: तुमची बिड ६०, गुणवत्ता (क्लिकची शक्यता, जाहिरात आणि पेज किती कामाचं) ५, गुणाकार ३००. शेजाऱ्याची बिड ४०, गुणवत्ता ८, म्हणून ३२०. तो वर. पैसे मात्र खालच्याच्या पुढे राहण्यापुरतेच लागतात: तुमच्या खालच्याचे २०० असतील तर तुम्हाला क्लिक पडतो २०० भागिले ५, म्हणजे ४० रुपयांच्या आसपास. मग बिड ४५ ठेवा नाहीतर ६३, जागा तीच, भावही तोच. ६४ ओलांडलं की वर, आणि क्लिक थेट ६४ च्या पुढे. त्यावर १८ टक्के जीएसटी.

खरा लिलाव याहून किचकट. तो प्रत्येक सर्चला नव्याने होतो. मोबाइल, ठिकाण, वेळ धरतो, शिवाय जाहिरात दिसायला गुणाकाराची किमान पातळी असतेच. खात्यातला १ ते १० चा क्वालिटी स्कोअर लिलावात जात नाही, तो फक्त निदानापुरता.

आता खरं डोकं फिरवणारी गोष्ट. जाहिरात सरासरी कितव्या जागी दिसली ते सांगणारं ‘ॲव्हरेज पोझिशन’ सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झालं. आता जुळ्या भावांसारखे दोन कॉलम आहेत: ‘इम्प्रेशन (टॉप) टक्के’ आणि ‘सर्च टॉप इम्प्रेशन शेअर’. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात एकदा दिसणं. पहिल्याचा छेद म्हणजे मिळालेली इम्प्रेशन, दुसऱ्याचा म्हणजे वरच्या जागेत मिळू शकली असती ती. समजा १,००० पैकी ५०० वर होती: ५० टक्के. बिड कमी केली, उरली ४००, त्यातली ३०० वर: ७५ टक्के! वरच्या जागेतली २०० इम्प्रेशन गेली आणि रिपोर्टमध्ये मात्र प्रगती. एजन्सीचा रिपोर्ट आला की आधी विचारा, यातला कॉलम कोणता.

पहिली जागा हवीच, हे सुरुवातीचं मत होतं. ते मागे घेतो. वरच्याच आकड्यांत बघा: खालच्या जागी ४० रुपयांनी समजा २२ क्लिक, ८८० रुपये. वर ६४ ने ३० क्लिक, १,९२०. जादा ८ क्लिकना १,०४० रुपये, म्हणजे एकेक १३० ला पडला. कामाचा फोन एवढ्याने परवडत असेल तर जरूर घ्या.

बिडला हात लावण्याआधी ‘लॉस्ट इम्प्रेशन शेअर’ (हुकलेल्या इम्प्रेशनचा वाटा) बघा. ‘बजेट’मुळे जात असतील तर बिड वाढवून पैसे दुपारीच संपतील. ‘रँक’मुळे, म्हणजे तो गुणाकार कमी पडून, जात असतील तर आधी फिल्टर बदलणे आणि रिपेअर यांचे ॲड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचे गट) वेगळे करा, प्रत्येकाला त्याचंच पेज द्या, दर आणि फोनचं बटण पहिल्याच स्क्रीनवर. होमपेजवर माणूस सोडायचा नाही.

आणि स्वतःची जाहिरात गूगलवर शोधत बसू नका, विनाकारण इम्प्रेशन वाढतात. त्यासाठी ‘ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ आहे.

पाचपैकी तीन. एक तारा त्या जुळ्या कॉलमांनी खाल्ला.